हिरवी खूण आणि दुधाची पिशवी

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैमधली गोष्ट. न्यू जर्सीत रात्रीचे साडेदहा वाजले होते, म्हणजे सांगलीत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे आठ. झोपण्याआधी सवयीप्रमाणे फोनवरचं ॲप उघडलं. 'आई : घरी. सर्व ठीक.' शेजारी हिरवी खूण. फोन चार्जिंगला लावला आणि आडवा झालो.

त्या वेळी आई बाथरूमच्या फरशीवर पडलेली होती. पावणेसहाला पाय घसरला, डावं मनगट मोडलं, कंबरेला मार बसला आणि तिला उठता येईना. फोन पलंगाशेजारी. पावसाळ्यातल्या बंद खिडक्यांमधून हाका बाहेर जाईनात.

रात्री सव्वाअकराला शेजारच्या काकूंचा फोन आला. "घाबरू नकोस रे. आईला दवाखान्यात आणलंय, हात मोडलाय, बाकी ठीक आहे." त्यांना कसं कळलं? दाराच्या कडीला आई रात्री कापडी पिशवी अडकवून ठेवते. दूधवाला सहाला तिच्यात दूध टाकून जातो आणि सव्वासहाच्या आत ती पिशवी आत जाते. काकू सव्वाआठला मंडईला निघाल्या, तेव्हा पिशवी दाराला तशीच होती. त्यांनी बेल वाजवली, हाका मारल्या, आणि त्यांच्याकडे ठेवलेल्या किल्लीने दार उघडलं.

आई आता बरी आहे. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, महिनाभर व्यायाम केले, आता पोळ्या लाटते. माझा त्या हिरव्या खुणेवरचा राग मात्र गेलेला नाही. हा लेख त्या रागातूनच लिहिला आहे आणि तो मी मुद्दाम इथे लिहितो आहे. कारण परदेशात राहून गावाकडच्या आईवडिलांच्या घरात अशी यंत्रं बसवणारे आपणच, आणि अशा यंत्रांच्या मधला थर लिहून पगार घेणारेही बरेचसे आपणच.

मधला थर म्हणजे काय?

आधी घरात काय बसवलं होतं ते सांगतो. स्वयंपाकघरात हालचाल टिपणारा सेन्सर. मुख्य दाराला उघडझाप कळणारा सेन्सर. पॅसेजमध्ये आपोआप लागणारा दिवा. ब्लूटूथवरून फोनला आकडे देणारं रक्तदाबाचं मशीन. आणि आईचा फोन, जो ती घरी आहे की बाहेर ते सांगतो. पाच वस्तू, तीन कंपन्यांच्या. प्रत्येक कंपनीचं स्वतःचं ॲप, स्वतःचा सर्व्हर. या पाचांना एकत्र आणून 'सकाळी सहा ते आठ स्वयंपाकघरात हालचाल झाली नाही तर मुलाला कळव' असा नियम चालवणारी चौथी कंपनी. ही चौथी कंपनी जे काम करते, त्याला आमच्या धंद्यात मिडलवेअर म्हणतात.

धंद्यात नसलेल्या वाचकांसाठी सोपं करून सांगतो. मिडलवेअर म्हणजे सोयरीक जमवणारा मध्यस्थ. दोन्हीकडची भाषा त्याला येते, कोणाकडे काय आहे ते त्याला ठाऊक असतं. त्याची कामं मुख्यतः चार. आसपास कोणत्या सेवा उपलब्ध आहेत ते शोधणं. त्या जोडून त्यांतून नवी सेवा तयार करणं. माणूस कुठे आहे, काय करतो आहे, फोन वायफायवर आहे की मोबाइल डेटावर, हा संदर्भ ओळखणं. आणि जोडलेल्यांपैकी एखादी सेवा गायब झाली तर तिच्या जागी काय करायचं ते ठरवणं.

शेवटचं काम सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचं. फोन हा चालताफिरता प्राणी आहे. आई भजनाला गेली की तो घराच्या वायफायमधून बाहेर पडतो. बॅटरी वाचवण्यासाठी ॲन्ड्रॉइड मागे चालणारी ॲप्स झोपवून टाकतं. २०१५ साली आलेल्या ॲन्ड्रॉइड ६ पासून 'डोझ' नावाची सोयच तशी आहे, आणि काही फोन कंपन्या त्याहून कडक वागतात. वीज जाते, राउटर बंद पडतो, सेन्सरचा सेल संपतो. म्हणजे अशा घरात 'सगळे भाग हजर आहेत' हा अपवाद आणि 'एखादा तरी भाग गैरहजर आहे' हा नियम. गैरहजेरी सांभाळता येत नसेल, तर तो मध्यस्थ काय कामाचा?

त्या सकाळी काय घडलं

मी पंचवीस वर्षं इंटिग्रेशनचंच काम करतो आहे. त्यामुळे पुढचे दोन आठवडे रोज रात्री त्या कंपनीशी पत्रव्यवहार केला, मिळतील त्या नोंदी मागवल्या आणि शेवटी उलगडा झाला. आदल्या दिवशी सेन्सरच्या कंपनीने तिच्या सर्व्हरवर लॉगिनची पद्धत बदलली होती. चौथ्या कंपनीला सेन्सरची माहिती मिळेनाशी झाली. आठ वाजता नियम चालला. त्याने विचारलं, 'हालचाल झाली नाही, हे खरं आहे का?' उत्तरादाखल त्रुटीचा संदेश आला. नियमाने त्याचा अर्थ लावला, 'खरं आहे असं कोणी म्हणालेलं नाही'. म्हणून निरोप गेला नाही. फोन कालपासून घरीच होता, म्हणून 'घरी'. तक्रार कोणाची नव्हती, म्हणून 'सर्व ठीक'.

काकूंचा आणि त्या सेवेचा नियम एकच होता, हे लक्षात घ्या. ठरलेल्या वेळेपर्यंत रोजची खूण दिसली नाही तर चौकशी करा. फरक एवढाच, की खूण दिसली नाही तेव्हा काकूंनी बेल वाजवली आणि सेवेने हिरवी खूण दाखवली.

सेन्सर बिघडला याबद्दल माझी तक्रार नाही. वस्तू बिघडतातच. माझी तक्रार खोटं बोलण्याबद्दल आहे. 'मला माहीत नाही' म्हणायच्या जागी 'सर्व ठीक' म्हणणं याला दुसरा शब्द नाही. कंपनीच्या माणसाने शेवटी अत्यंत नम्रपणे लिहिलं, की सेवा आखणीनुसारच चालली. मला ते पटलं. तसंच आखलेलं होतं, हाच तर गुन्हा.

आपल्याला हे ठाऊक नव्हतं का?

होतं. चांगलं तीस वर्षांपासून ठाऊक होतं.

१९९१ साली झेरॉक्स पार्कच्या मार्क वायझरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लेख लिहून असा काळ रंगवला, की संगणक आसपासच्या वस्तूंमध्ये मुरून जातील आणि दिसेनासे होतील. १९९४ साली सन मायक्रोसिस्टिम्समधल्या चार जणांनी एक टिपण लिहिलं. त्याचा मुद्दा असा, की दूरच्या यंत्रावरची सेवा ही जणू आपल्याच यंत्रावर आहे असं मानून प्रोग्रॅम लिहू नका, कारण दूरची सेवा अर्धवट मरू शकते आणि मेली की नुसतीच रेंगाळली आहे हे तुम्हाला कळत नाही. त्याच सुमारास सनमध्येच पीटर डॉइच यांनी नेटवर्कबद्दलच्या गैरसमजांची यादी केली. त्यातला पहिलाच गैरसमज म्हणजे नेटवर्क भरवशाचं असतं. ही यादी आम्ही नव्या पोरांना मुलाखतीत विचारतो.

२००१ साली युरोपीय आयोगाच्या सल्लागार गटाने 'ॲम्बियंट इंटेलिजन्स'चा अहवाल काढला. आसपासच्या वस्तूंमध्येच हुशारी असेल आणि ती माणसाला ओळखून वागेल, अशी ती कल्पना. २०१० मध्ये जग कसं असेल याच्या चार गोष्टी त्यात होत्या. त्यातली दिमित्रिओसची गोष्ट मला विसरता येत नाही. त्याच्या अंगावर एक यंत्र असतं, त्याचं डिजिटल रूपच ते. ते त्याच्या आवाजात, त्याच्या लकबीत त्याचे फोन घेतं. बायकोचा फोन येतो, तेव्हाही आधी यंत्रच त्याच्या आवाजात तिच्याशी बोलून वेळ मारून न्यायला बघतं. हे त्या अहवालात भविष्याचं चित्र म्हणून आलं होतं. माझ्या आईच्या घरात माझ्या जागी कोण हजर होतं याचा विचार करताना मला दिमित्रिओस आठवतो.

पुढची दहा वर्षं विद्यापीठांतून या विषयावर ढिगाने संशोधन झालं. फिरत्या उपकरणांवरच्या सेवा कशा शोधायच्या, कशा जोडायच्या, एक गेली तर तिच्याजागी दुसरी कशी आणायची. त्याच काळात आम्ही, म्हणजे वायटूकेच्या लाटेत एच-वन-बीवर इथे आलेली मराठी पोरं, बँका आणि विमा कंपन्यांसाठी वेब सर्व्हिसेस जोडत होतो. सोप, डब्ल्यूएसडीएल, बीपेल. ज्यांनी बीपेल लिहिलं आहे त्यांना आठवेल, की 'फॉल्ट हँडलर' आणि 'कॉम्पेन्सेशन हँडलर' ही त्या भाषेचीच अंगं होती. जोडलेल्या पाच सेवांपैकी तिसरी पडली तर काय करायचं, आधीच्या दोघींचं काम कसं परतवायचं, हे लिहिल्याशिवाय बँक सही करत नसे. खात्यातले दोन डॉलर अधांतरी राहिले तर मध्यरात्री आमचे पेजर वाजायचे.

म्हणजे ज्ञान होतं, साधनं होती, सवयही होती. दोन डॉलर हरवले तर कोणाला उठवायचं हे ठरलेलं होतं. आई हरवली तर कोणाला उठवायचं हे ठरलेलं नव्हतं. याला मी अज्ञान म्हणणार नाही. बँकेने विचारलं, आपण आईच्या वतीने विचारलं नाही, इतकंच.

मध्यस्थ घरात का राहत नाही?

दुसरा प्रश्न जागेचा. आईच्या पॅसेजमधला दिवा आणि दाराचा सेन्सर यांच्यात दहा फुटांचं अंतर आहे. पण दार उघडल्याचा निरोप दिव्याला मिळावा म्हणून तो सांगलीहून एका खंडातल्या सर्व्हरवर जायचा, तिथून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, आणि मग परत सांगलीला. सोयरीक जमवणाऱ्याने लग्न लावून द्यावं आणि बाजूला व्हावं. इथे नवराबायकोला एकमेकांकडे मीठ मागायचं असलं तरी मध्यस्थाच्या घरी जाऊन यावं लागतं. आणि मध्यस्थाने दुकान बंद केलं की संसारही बंद.

हे मी अलंकारिक बोलत नाही. रिव्हॉल्व्ह नावाच्या कंपनीचा घर जोडणारा हब साधारण तीनशे डॉलरला मिळायचा. ती कंपनी नेस्टने २०१४ साली विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवा बंद केली. लोकांच्या भिंतीवरचा चालू डबा त्या दिवशी निकामी झाला. इन्स्टिऑनचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये कोणालाही न सांगता बंद पडले. नंतर काही ग्राहकांनीच मिळून ती कंपनी विकत घेतली आणि पुन्हा चालू केली. डिसेंबर २०२१ मध्ये ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या केंद्रात बिघाड झाला, तर ठिकठिकाणच्या घरांत झाडू मारणारे यंत्रमानव आणि दारावरचे कॅमेरे हुकूम ऐकेनात. घर कोणाचं, केंद्र कुठे!

"आता इंटरनेट सगळीकडे आहे" असं म्हणणाऱ्यांना मी ऑगस्ट २०१९ ची आठवण देतो. कृष्णेचं पाणी सांगली शहरात शिरलं, कित्येक भागांत दिवसच्या दिवस वीज नव्हती, फोन लागत नव्हते. ज्या दिवशी घराच्या हुशारीची खरी गरज असते, नेमक्या त्याच दिवशी तार तुटलेली असते. दूरच्या सर्व्हरवर अवलंबून असलेली हुशारी ही उन्हाळ्यातली छत्री आहे.

मध्यस्थ दूर ठेवण्यामागे तांत्रिक कारण फार थोडं आणि धंद्याचं कारण फार मोठं आहे. नियम घरातल्या डब्यात चालला तर महिन्याची वर्गणी कशाबद्दल घ्यायची? आई किती वाजता उठते, किती वेळा दार उघडते, रक्तदाब किती, ही माहिती जमा कशी करायची? इथे आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ते घर आईचं आहे, खातं माझ्या नावावर होतं आणि अटी कंपनीच्या होत्या. अटी मान्य आहेत असं बटण दाबलं मी. तिने विचारलं होतं, "बाथरूममध्येही लावणार का रे ते?" मी म्हणालो, "नाही गं, फक्त स्वयंपाकघरात." तिला हवी होती ती परवानगी मागितली गेली नाही, मला सोयीची होती ती मी देऊन टाकली. भारतात २०२३ साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्यात संमतीला महत्त्व आहे. पण ज्याची माहिती गोळा होते त्याच्या वतीने प्रेमळ मुलगाच परस्पर बटण दाबत असेल, तर कायदा कुठे कुठे पुरणार?

आक्षेप

मित्रमंडळींत हा विषय काढला की तीन आक्षेप येतात.

पहिला : "घरातला डबा कोण सांभाळणार? तू इंजिनियर आहेस म्हणून बोलतोस." हा आक्षेप खरा आहे. त्या घटनेनंतर मी होम असिस्टंट हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर एका रास्पबेरी पायवर घालून सांगलीच्या घरात ठेवलं. २०१३ पासून ते तयार होत आलं आहे, नियम घरातच चालवतं, इंटरनेट नसलं तरी दिवा लागतो. दुसऱ्याच महिन्यात त्याचं मेमरी कार्ड खराब झालं. भाच्याने मिरजेहून येऊन बदललं. प्रत्येकाचा भाचा मिरजेत नसतो, हे मला मान्य आहे. पण म्हणूनच ही गोष्ट हौशी लोकांवर न सोडता कंपन्यांनी करायला हवी. मिक्सर दुरुस्त करायला आपण व्हर्जिनियाला पाठवत नाही आणि मिक्सर चालवायला इंजिनियरही लागत नाही. घरात राहणारा, दहा वर्षं टिकणारा, गावातल्या दुकानात बदलून मिळणारा मध्यस्थ बनवणं अशक्य नाही. मॅटर हे मानक ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं, ते वस्तूंना घरातल्या घरात एकमेकांशी बोलू देतं. म्हणजे बोलण्याची भाषा आता आहे. पण त्या बोलण्यावरून काय ठरवायचं आणि ते कुठे ठरवायचं, ही चावी अजून ज्याच्या त्याच्या ॲपमध्येच आहे.

दुसरा : "प्रत्येक वेळी माहिती आली नाही म्हणून बोंब मारली तर सांगलीत वीज गेली की तुझा फोन वाजणार. चार दिवसांत तूच आवाज बंद करशील." हाही बिनतोड नाही, पण विचार करण्याजोगा आहे. खोट्या धोक्यांनी माणूस कंटाळतो, हे रुग्णालयांतल्या परिचारिकांना विचारा. पण त्यावरचा उपाय मौन हा नव्हे. उपाय तिसऱ्या रंगाचा आहे. 'ठीक', 'ठीक नाही' आणि 'माहीत नाही'. एसक्यूएल शिकताना पहिल्याच आठवड्यात 'नल' म्हणजे शून्य नव्हे, 'नल' म्हणजे खोटं नव्हे, हे आपण घोकतो. ते आईच्या बाबतीत का विसरायचं? राखाडी खूण आली म्हणून मध्यरात्री भोंगा वाजायला नको. तासभर राखाडी राहिली तर काकूंना एक साधा एसएमएस जावा, तेवढं पुरे.

तिसरा आक्षेप वेगळ्या सुरात येतो : "एवढी काळजी आहे तर परत जा ना." या वाक्याला इथल्या प्रत्येक घरात कोणी ना कोणी कधी तरी तोंड दिलेलं आहे, तेव्हा लांबवत नाही. आईने मला परत ये असं म्हटलेलं नाही आणि तिला इथल्या बर्फात यायचं नाही. आमचं दोघांचं ठरलं आहे. काकूंचंही वय झालं, त्या आता वर्षातले सहा महिने बेंगळुरूला मुलीकडे असतात. दुधाची पिशवी बघणारी माणसं कमी होत जाणार. म्हणून यंत्रं लागणार आहेत आणि म्हणूनच ती प्रामाणिक असायला हवीत. मी यंत्रांना विरोध करतो आहे असा या लेखाचा अर्थ लावून व्हॉट्सॲपवर फिरवू नका.

मागण्या

नुसता राग व्यक्त करून थांबणं सोपं आहे. म्हणून नेमकं काय हवं ते लिहितो.

एक. घरातल्या वस्तूंमधले नियम घरातच चालले पाहिजेत. बाहेरचा सर्व्हर फक्त दूरच्या माणसाला निरोप पोचवण्यापुरता. सर्व्हर गेला तर मला निरोप येणार नाही, पण आईचा दिवा लागेल.

दोन. मौनाची दखल मौन ऐकणाऱ्याच्या बाजूला घेतली गेली पाहिजे. घराने दर पंधरा मिनिटांनी 'मी आहे' म्हणायचं आणि ते आलं नाही तर माझ्या बाजूच्या यंत्राने राखाडी खूण दाखवायची. पडलेल्या घराकडून 'मी पडलो' असा फोन येईल या आशेवर बसायचं नाही. आणि प्रत्येक खुणेखाली ही माहिती कधीची आहे ती वेळ छापायची. 'घरी' असं नुसतं लिहू नका. 'काल रात्री ९:४० ला घरी' असं लिहा. त्या रात्री एवढी एक ओळ असती तरी मी फोन उचलला असता.

तीन. ज्याच्या घरात यंत्र आहे त्याला ते बंद करता आलं पाहिजे, आणि ते कोणाला काय सांगतं हे त्याच्या भाषेत कळलं पाहिजे. मराठीत. 'तुमच्या मुलाला आता कळलं आहे की तुम्ही दार उघडलंत,' इतकं सरळ.

चार. कंपनी बंद करायची असेल तर खुशाल करा, पण वस्तू दुसऱ्या मध्यस्थाशी बोलू शकेल अशी मोकळी करून जा. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडलेल्या वस्तूंच्या कंपन्यांना सुरक्षेची अपडेट्स किमान किती काळ देणार ते जाहीर करावं लागतं. म्हणजे मुदत छापायला लावता येते. मग औषधाच्या पाकिटावर असते तशी मुदत सेवेच्या खोक्यावरही असू द्या : 'आमचा सर्व्हर अमुक सालापर्यंत चालेल.'

या चारही गोष्टी मी माझ्या टीममध्ये मांडल्या. आमची कंपनी घरगुती वस्तू बनवत नाही, पण आम्हीही सेवा जोडतो आणि आमच्याही डॅशबोर्डवर हिरव्या खुणा आहेत. त्यातल्या किती खुणा खऱ्या आणि किती नुसत्या तक्रार न आल्यामुळे हिरव्या, हे शोधायला बसलो. जे सापडलं ते पाहून मान खाली गेली. मी स्वतः दहा वर्षांपूर्वी लिहिलेल्या एका जोडणीत त्रुटीचा संदेश आला की जुनीच किंमत परत पाठवलेली होती. वर टिप्पणी होती : 'तात्पुरतं, नंतर बघू'. कोणाची आई त्या ओळीवर अवलंबून नव्हती असं मी स्वतःला सांगतो. खात्री नाही.

तेव्हा या धंद्यातल्या वाचकांना विनंती, उद्या कामावर गेलात की आपल्या कोडमध्ये ती ओळ शोधा. ती असणारच. आणि धंद्यात नसलेल्यांना विनंती, या डिसेंबरात सुट्टीवर घरी जाल तेव्हा एक काम करा. सगळे चहा घेत बसलेले असताना राउटरची वायर काढा. तासभर थांबा. पॅसेजमधला दिवा लागतो का बघा. मग आपल्या फोनवरचं ॲप उघडा आणि आईवडिलांना दाखवा, की त्यांच्याबद्दल ते या क्षणी काय सांगतं आहे. खूण अजूनही हिरवी असेल, तर ते यंत्र काढून टाका आणि कंपनीला का काढलं ते लिहून कळवा.

मी गेल्या डिसेंबरात हा प्रयोग केला. दिवा लागला. फोनवर राखाडी खूण आली, खाली वेळ. आईने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "माहीत नाही म्हणतंय की रे. बरं झालं, निदान खरं तरी बोलतंय." रात्री झोपताना तिने दाराला पिशवी अडकवली ती अडकवलीच.